किटीच्या डोहाकडे

व्हर्ना पेनहॉलच्या आधी तिची खोकी येऊन पडली. डाकगाडीच्या ड्रायव्हरनं ती माझ्या शेडमध्ये एकावर एक रचली, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि म्हणाला, "हेझल, दारूचं दुकान काढतेस की काय?"

"औषधी पाणी आहे ते. पेनहॉल येताहेत."

"यंदापण? मी तर ऐकलं, ती आता संपल्यात जमा आहे."

"तिच्या तोंडावर सांगून बघ."

तो हसला आणि कॉफी घेऊन निघून गेला. तिच्या तोंडावर तसं सांगणारा माणूस आमच्या भागात तरी नाही.

माझं ठिकाण म्हणजे डिझेलचे दोन पंप, एक खानावळ, मागे चार खोल्या आणि त्यांच्या मागे विमान उतरण्यापुरती सपाट केलेली मातीची पट्टी. बाकी जिकडे बघाल तिकडे लाल गोट्यांचं माळरान. या माळावरचा रस्ता ॲल्बी पेनहॉलनं उभ्या आयुष्यात किती वेळा सपाट केला असेल, त्याचा त्यालाच पत्ता नाही. तो सरकारी ग्रेडर चालवायचा आणि व्हर्ना रस्त्यावरच्या कामगारांच्या टोळीची स्वैंपाकीण. टोळी दर हिवाळ्यात किटीच्या डोहापाशी मुक्काम करायची. त्यांची लेक केरिन तिथल्याच मातीत रांगली. पुढे निवृत्त होऊन दोघांनी दक्षिणेला, बंदराच्या गावात घर घेतलं. पण थंडी पडली की जुनी टोयोटा काढायची, मागे तंबूचा ट्रेलर जोडायचा आणि डोहावर जाऊन राहायचं, हे चुकलं नाही. त्या वर्षी तर डोहात पाणी होतं. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वर क्वीन्सलंडात पूर आला होता आणि ते पाणी कोरड्या पात्रांतून महिनोन्महिने सरपटत खाली आलं होतं. असं पाणी येणं म्हणजे लॉटरीच. वैमानिक सांगत होते, डोहावर पेलिकन पक्षी उतरलेत.

पण त्याच वर्षी व्हर्नाच्या किडन्यांनी दगा दिला. तिच्या पोटात डॉक्टरांनी एक नळी कायमची बसवून दिली होती. दिवसातून चार वेळा त्या नळीतून पिशवीभर औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास तिथेच ठेवायचं, मग ते काढून टाकायचं आणि ताजं भरायचं. अंगातलं विष त्या पाण्याबरोबर बाहेर येतं. हे काम घरी, आपल्या हातानं करता येतं, फक्त स्वच्छता डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. वारा नको, धूळ नको, हात कोपरापर्यंत धुतलेले हवेत. आणि ही बाई ते सगळं घेऊन निघाली कुठे, तर जिथे धूळ चहात पडते, अंथरुणात शिरते आणि दातांत करकरते तिथे.

दोघं दुपारी पोहोचली. ॲल्बी उतरून टायर बघत बसला. व्हर्ना आत आली आणि खुर्चीवर टेकली. गाल आत गेले होते, मनगटं काटकीसारखी झाली होती. मी बघत राहिले तशी ती म्हणाली, "बघून झालं असेल तर चहा दे. अर्धा कप. पाणी मोजून प्यायला सांगितलंय."

"केरिनला माहीत आहे?"

"तिला सांगितलं, सहलीला जातोय."

"कुठे ते सांगितलंस?"

"तिनं विचारलं नाही." मग स्वतःच म्हणाली, "विचारलं होतं. मी म्हटलं, समुद्राकडे."

ॲल्बी दारातून आत येत म्हणाला, "एके काळी समुद्र होताच इथे. खोटं कुठे बोललो?"

केरिन ॲडलेडला असते. आईवडिलांनी गावातलं घर विकावं आणि हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर दोन खोल्यांत येऊन राहावं, यासाठी ती त्यांच्या मागे लागली होती. चांगली पोर आहे; आईला काही झालं तर आपण वेळेवर पोहोचावं, एवढंच तिचं म्हणणं. व्हर्नाला त्या खोल्या दाखवायला नेलं होतं. खिडकीतून काय दिसतं, तर गाड्या लावायची जागा. "मला तिथे मरायला ठेवायचं ठरवलंय," व्हर्ना मला म्हणाली, "फक्त मरायला वेळ लागेल म्हणून खिडकी दिलीय."

तिचं पाणी बदलायची वेळ झाली तेव्हा मी खोली उघडून देत होते. नको म्हणाली. "वाटेत खोली कुठून आणू? गाडीतच सवय करायला हवी." टोयोटाची मागची सीट ॲल्बीनं काढून टाकली होती आणि तिथे पुसून लख्ख केलेला पत्र्याचा ओटा बसवला होता. पिशवी दोन तास समोरच्या काचेखाली उन्हात ठेवून कोमट केलेली. छताला हूक. सगळ्या काचा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क. ॲल्बीचे ते ग्रेडरचे दांडे ओढून राठ झालेले हात. त्यांनी तो नळीचं टोपण असं उघडत होता, की जणू चिमणीचं पिल्लू धरलंय. मी बाहेरून काचेतून बघत होते. व्हर्नानं आतूनच हातानं मला हाकललं.

जुनं पाणी निघालं ते तिनं मला नंतर दाखवलं. फिकट पिवळं, नितळ. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची बातमी वाचता आली पाहिजे, असं नर्सनं शिकवलेलं. "बातमी वाचता आली नाही तर?" मी विचारलं.

"तर जंतू शिरले असं समजायचं आणि धावायचं."

"मग इथून कुठे धावणार तू?"

"तुझ्याकडे," ती म्हणाली, "अजून कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी भरून दोघं उत्तरेला गेली. डोह पुऱ्या दिवसाच्या वाटेवर. ॲल्बी सावकाश चालवतो. आपण सपाट केलेला रस्ता दुसऱ्यानं कसा बिघडवलाय, ते शिव्या घालत बघत जातो. पहिला मुक्काम त्यांनी एका कोरड्या नाल्यात केला. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण त्यातला मुद्दा सारखाच आहे.

संध्याकाळी निखाऱ्यांत भाकरी भाजून, कांगारूचं शेपूट शिजवून ॲल्बी जेवला. तिनं चव घेतली. आजारपणानंतर तिला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं होतं म्हणे. सकाळी उठली ती पोटात दुखतंय म्हणत. पाणी काढलं तर गढूळ, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. वर्तमानपत्र काढायची गरजच नव्हती.

ॲल्बीनं पिशवीचं तोंड बांधलं. मग व्हर्ना म्हणाली, "डोह इथून अर्ध्या दिवसावर आहे."

"हेझलपण अर्ध्या दिवसावर आहे," ॲल्बी म्हणाला.

"मग सारखंच की. आधी डोह बघू. पाणी बघते, तासभर बसते आणि मग परत फिरू."

"नाही."

"ॲल्बी, पुन्हा कधी पाणी येईल? मागच्या वेळी आलं तेव्हा माझे केस काळे होते."

"नाही म्हटलं ना."

"पोट माझं आहे."

"गाडी माझी आहे," तो म्हणाला आणि तंबू उपटायला खाली उतरला.

ते म्हणे त्यांच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण, आणि त्यात एकानंही आवाज चढवला नाही. ॲल्बीनं ट्रेलर नाल्यातच सोडला, वेग यावा म्हणून. गाडी दक्षिणेला वळवली. सगळी वाट व्हर्ना त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. खड्डा आला की तिच्या तोंडून आवाज निघायचा तो ती ओठ चावून आत दाबायची, आणि तो ऐकू आला नाही असं दाखवत तो चालवायचा.

माझ्या दारात गाडी थांबली तेव्हा ती स्वतः उतरली. दार धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "यानं मला परत आणलं." चोराला पकडून दिल्यासारखं सांगितलं.

कपाळ भट्टीसारखं तापलं होतं. मी विमानानं येणाऱ्या उडत्या डॉक्टरांना फोन लावला. आमच्यासारख्या आडवाटेच्या ठिकाणी ते औषधांची एक हिरवी पेटी ठेवतात. प्रत्येक औषधाला आकडा असतो, फोनवरून ते आकडा सांगतात आणि आपण द्यायचं. डॉक्टरीणबाई तरुण वाटली, पण शांत. तिनं दोन इंजेक्शनं सांगितली. मी आजवर मेंढ्यांना टोचलंय आणि एकदा दारू पिऊन पडलेल्या ट्रकवाल्याला. मी मांडी पुसली, मग पुन्हा पुसली.

"हेझल," व्हर्ना म्हणाली, "मी मेंढी आहे असं समज."

"मेंढी इतकी बोलत नाही," मी म्हटलं आणि सुई टोचली.

विमान यायला वेळ होता. ॲल्बी माझी गाडी घेऊन पट्टीवरचे शहामृगासारखे ते इमू हाकलत वर-खाली फिरत होता. खरं तर पट्टी कधीच मोकळी झाली होती, तरी तो फिरतच होता. मी त्याला चहा नेऊन दिला. तो म्हणाला, "ती मला माफ करायची नाही."

"आत्ता नाही करणार."

"मी डोहापर्यंत नेतो म्हटलं होतं. डोहात पुरतो असं नव्हतं म्हटलं."

विमान उतरलं. नर्सनं स्ट्रेचर काढलं. व्हर्ना म्हणाली, "ते परत आत ठेवा. मी इथे चालत आलेय, चालत जाणार." नर्सनं काही समजावायला तोंड उघडलं, पण ती तोवर निघाली होती, नवऱ्याचा दंड धरून. त्याच्याशी बोलत नव्हती. दंड मात्र घट्ट धरला होता. विमानाच्या पायऱ्यांपाशी तिला उचलून घ्यावंच लागलं. तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, आपण तिथे नाहीच असं दाखवत.

ॲल्बीलाही विमानात घेतलं. टोयोटा माझ्या शेडमध्ये राहिली. नाल्यातला ट्रेलर पुढे एका गुराख्यानं ओढून आणून दिला.

हॉस्पिटलमध्ये तिला बरेच दिवस काढावे लागले. पहिला आठवडा वाईट गेला. केरिन रोज रात्री मुलांना झोपवून उशाशी येऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, असे जंतू पुन्हा शिरले तर नळी काढावी लागेल. मग आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात येऊन रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनला लागायचं. जंतू कुठून आले, ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही. धुळीतून आले असतील, किंवा घरातूनच बरोबर निघाले असतील. उन्हाळ्यात एकदा असंच झालं होतं, तेव्हा तर ती आपल्या पांढऱ्याशुभ्र स्वैंपाकघरात बसून पाणी बदलत होती. याची तिनं डॉक्टरांना आठवण करून दिली. पुन्हा केरिनला, आणि मग जेवणाचं ताट आणणाऱ्या बाईलापण.

औषध लागू पडलं. नळी वाचली. आणि एके दिवशी मला फोन आला. ओळखीचाच आवाज, पण बारीक झालेला.

"डोहात पाणी आहे का अजून?"

"कमी होतंय. विमानवाले म्हणतात, अर्ध्यावर आलंय."

"खोकी पाठवायला सांगते. आली की उतरवून घे. कुणाला बोलू नकोस."

"ॲल्बीला माहीत आहे?"

"तो शेजारीच उभा आहे," ती म्हणाली. पलीकडून ॲल्बीचा आवाज आला, "पुढचे टायर बघून ठेव, हेझल." त्यावरून मला कळलं, त्यांचं बोलणं सुरू झालंय.

गाडी न्यायला तिघं आली, केरिनच्या शहरी गाडीतून. ती पांढरी गाडी लालभडक झाली होती आणि तिच्या पोटाखालचं काहीतरी निसटून खडखडत होतं. केरिननं सगळं ठरवून आणलेलं: बाबा टोयोटा घेऊन मागून येतील, आई तिच्याबरोबर बसेल, मुक्काम वाटेतल्या मोटेलात, परवा ॲडलेड. मी मटणाच्या गरम पाई आणि चहा ठेवला. केरिन हात धुवायला मागे गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. शेडवरून गेली होती ती.

"तिथली खोकी कुणाची?" तिनं विचारलं.

ॲल्बीनं पाईवर सॉस ओतला.

"आई, मी विचारतेय."

"माझी," व्हर्ना म्हणाली. "आम्ही उत्तरेला जातोय."

केरिन माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं."

"डाकगाडी आणते ते मी उतरवून घेते," मी म्हटलं. हे उत्तर मला स्वतःलाही आवडलं नाही.

केरिन खुर्चीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला कळतं का, आई, फोन वाजला की माझे हात गार पडतात. कामावर असते, गाडीत असते, कुठेही. आधी वाटतं, हाच तो फोन. तू त्या पलंगावर पडली होतीस आणि मी मनात तुझ्या अंत्यविधीला कुणाकुणाला बोलवायचं ते मोजत होते. आणि तू इकडे खोकी मागवत होतीस."

"हो," व्हर्ना म्हणाली. "तू ते मोजत होतीस म्हणूनच मागवली."

"हे क्रूर आहे."

"असेल." व्हर्नानं कप खाली ठेवला. "केरिन, नीट ऐक. मी बरी होणार नाहीये. तुझ्या त्या दोन खोल्यांत राहिले तरी नाही, डोहावर गेले तरी नाही. खोल्यांत कदाचित जास्त दिवस जगेन. कदाचित. पण तू मला ज्या दिवसांसाठी सांभाळून ठेवतेयस, ते मला खर्चायचेत. ठेवून काय करू, लोणचं घालू?"

"आणि पुन्हा झालं तर?"

"पुन्हा हेझलकडे येऊ. ती आता बऱ्यापैकी टोचते."

"बाबा," केरिन ॲल्बीकडे वळली, "तुम्ही तरी. मागच्या वेळी तुम्हीच परत फिरवलीत ना गाडी?"

ॲल्बीनं तोंड पुसलं. "फिरवली. पुन्हा तसं झालं तर पुन्हा फिरवीन, ती कितीही शिव्या घालो. पण अजून तसं झालेलं नाही. नसताना फिरवणार नाही."

"तिथे काही झालं तर मी येणार नाही. ऐकलंत? तिथे मी तुमचं काही करायला येणार नाही."

"नको येऊस," व्हर्ना म्हणाली. "या गाडीला तो रस्ता झेपायचाही नाही."

मला वाटलं, आता ही पोर रडेल. ती उठली, बाहेर गेली आणि आपल्या गाडीच्या बॉनेटला टेकून माळाकडे बघत उभी राहिली. ॲल्बी तिच्यामागे गेला. त्यानं समजूत घातली नाही. तो सरळ गाडीखाली शिरला आणि खडखडणारा पत्रा तारेनं बांधायला लागला. ती बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत होती. मग खाली बसून तिनं विजेरी धरली. दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बोलली असतील असंही नाही.

ती त्याच दुपारी दक्षिणेला गेली. आईला मिठी मारली, पण वाकून, दुरून, नळी दुखेल म्हणून. व्हर्नानं तिला जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, "मोडत नाही मी."

पेनहॉल दोघं दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेला निघाली. डोहावर पोहोचली तोवर पाणी गुडघ्याएवढं राहिलं होतं. मासे कडेला येऊन मरत होते, पेलिकन निम्मे उडून गेले होते आणि माशा इतक्या की चहाच्या कपावर हात धरून प्यावं लागायचं. ॲल्बीनं दिवसातून चार वेळा गाडीच्या काचा बंद केल्या, ओटा पुसला, हूकला पिशवी टांगली. दर वेळी जुनं पाणी नितळ आलं. मला हे नंतर कळलं. त्या दिवसांत मला फक्त केरिनचा फोन यायचा, रोज संध्याकाळी, खानावळीत गर्दी असताना. आई कशी आहे असं ती विचारायची नाही. विचारायची, "त्यांचा फोन आला होता?" मी ठोकून द्यायचे, "आला होता, आवाज ठणठणीत होता." "बरं," म्हणायची आणि ठेवायची.

परत आली तेव्हा व्हर्ना उन्हानं रापली होती आणि अंगाला माशांचा कुबट वास येत होता. "घाण येत होती नुसती," ती समाधानानं म्हणाली. "असा घाणेरडा मी तो डोह कधी पाहिला नव्हता. तीन दिवस जास्तच राहिलो."

"काय केलंस तिथे?"

"बसले. ॲल्बीशी भांडले. पोहले."

"पोहलीस? नळी घेऊन?"

"घोट्यापर्यंत," ॲल्बी म्हणाला. "पुढे जाऊ दिलं नाही. त्यावरूनच भांडली."

संध्याकाळी फोन वाजला. केरिनच होती. तिनं नेहमीचं विचारायच्या आत मी रिसीव्हर व्हर्नाच्या हातात दिला. व्हर्ना थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हो, जिवंत आहे. आवाज येतोय ना तुला?" पुन्हा ऐकलं. "नाही, घर विकणार नाही. त्या खोल्यांच्या मालकाला नको म्हणून सांगून टाक." मग पलीकडून केरिन बराच वेळ बोलत होती आणि व्हर्ना भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "पुढच्या थंडीत डोहावर यायचं तर ये. पण तंबू तुझा तू आण. आमच्यात जागा नाही, अर्धी जागा या खोक्यांनीच खाल्लीय."

तिनं फोन ठेवला आणि पाई मागितली, अख्खी. मी पाणी विचारलं तर म्हणाली, अर्धा कप. ॲल्बी बाहेर टायरला हवा भरत होता.